‘चूक कोणाची’चा रकाना

डोणगावच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी खोलीसाठी चार घरं फिरले. चारही घरी चहाआधी आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर चहा आलाच नाही. एका घरची खोली अचानक भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली. दुसऱ्या घरची म्हणे गळत होती. महिना मे होता. आम्ही बौद्ध, भर उन्हाळ्यात गळणारी छपरं आम्हांला नवीन नव्हती, पण दिवसभरात चार म्हणजे जरा जास्तच झालं होतं.

पाचवं घर बसस्टँडमागच्या एका फोटोग्राफरचं. दारात उंच, किंचित वाकलेला, कानावर पेन्सिल खोचलेला एक माणूस उभा होता. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या वहीकडे, आणि विचारलं, “मॅडम, तुमी आंघोळ किती वाजता करता?”

मी चोवीस वर्षांची, एकटी, पायपिटीनं वैतागलेली. डोक्यात जी तिडीक गेली ती विचारू नका. मी पिशवी उचलून वळलेच होते, तेवढ्यात आतून त्यांची बायको धावत आली. घरात न्हाणी एकच, आणि तीच ह्यांची डार्करूम, असं तिनं धापा टाकत सांगितलं. सकाळी साडेसातपर्यंत माणसांच्या आंघोळी, त्यानंतर फोटोंच्या. भाडेकरू आठ वाजता नाहणारा निघाला तर धंदाच बसायचा. मी रागातच म्हटलं, “साडेसहाला.” त्यांनी ते वहीत लिहिलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. आडनाव त्यांना कळलं ते तीन महिन्यांनी, माझं पत्र चुकून त्यांच्या हाती पडलं तेव्हा. तेही त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि पत्र मला दिलं. माझा जीव भांड्यात पडला तो असा, बादली-तांब्याच्या वेळापत्रकामुळे.

त्यांना मी काका म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू. ते मात्र मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिले.

काकांच्या वह्या दोन. बाहेर फोटो काढताना सोबत असायची ती उजेडाची वही आणि न्हाणीतल्या कामाची ती अंधाराची. उजेडाच्या वहीत प्रत्येक फोटोची एक ओळ. भिंग किती उघडलं, पडदा किती वेगानं मिटला, माणूस किती फुटांवर, ऊन कोणत्या बाजूनं. इथपर्यंत कोणीही शहाणा फोटोग्राफर लिहील. काका पुढे जायचे. नवरी रडली का, रडली तर आधी की नंतर, माळ कोणाची सरळ केली, शेजारच्या घरात कुत्रं भुंकत होतं का, हेही लिहायचे. हे कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, फोटोत जे येत नाही ते कुठं जाईल?

अंधाराच्या वहीत औषधाचं मोजमाप, पाण्याची उष्णता, मिनिटं. आणि सर्वांत शेवटी एक उभा रकाना, डोक्यावर लिहिलेलं, ‘चूक कोणाची’. कोणताही फोटो बिघडला की त्याची जबाबदारी ते तिथं टाकायचे, आणि त्यात लहानथोर पाहायचे नाहीत. ‘चूक: नवरदेवाची. शिंकला.’ ‘चूक: ढगाची.’ ‘चूक: आत्याबाईंची. तिसऱ्यांदा मधे आल्या.’ एका पानावर ‘चूक: बोकडाची’ असं होतं आणि पुढे काहीच खुलासा नव्हता. पहिल्या वर्षी ही वही म्हणजे माझी करमणूक होती. शाळेतून आले की काकूंच्या हातचा चहा घ्यायचा आणि टेबलावर उघडी पडलेली वही चाळायची. वही लपवून ठेवणं काकांना माहीतच नव्हतं.

उलट त्यांचा खरा घोळ वेगळाच होता. एखादी गोष्ट वहीत लिहिली की ती सांगून झाली, असं त्यांना मनापासून वाटायचं. अंधाराच्या वहीची मागची पानं त्यांनी घरासाठी ठेवली होती. भाजीत मीठ कमी असलं तर ते निमूट जेवायचे आणि मागच्या पानावर लिहायचे, ‘मीठ कमी.’ काकू रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ते पान वाचायच्या. लोक पेपर वाचतात, मी नवरा वाचते, असं त्या म्हणत. एकदा काका धामणगाव बढ्याला एका लग्नासाठी निघून गेले, दोन दिवस पत्ता नाही. काकूंनी बसस्टँड पालथा घातला, मला शाळेतून बोलावून घेतलं, विहिरीत डोकावूनही झालं. तिसऱ्या दिवशी काका पेढ्यांचा पुडा घेऊन आले. काकूंनी तोंड सोडलं तेव्हा त्यांना खरोखर कळेना की ही का चिडली. ‘धामणगाव, दोन दिवस’ हे त्यांनी लिहिलेलं होतं. फक्त पुढच्या पानांत लिहिलं होतं, आणि पुढची पानं काकू कधी उघडत नसत. “त्यातल्या डिग्र्या न् आकडे मले काय समजते?” हे त्यांचं म्हणणं. चूक कोणाची, यावर तो संसार आठ दिवस अडला.

दुसरा नाद पाण्याचा. फोटोवाले रोल ‘धुतात’ आणि शेवटच्या पाण्यात क्षार असला तर वाळल्यावर निगेटिव्हवर ठिपके पडतात. डोणगावला उन्हाळ्यात टँकर यायचा, आणि प्रत्येक टँकर वेगळ्या विहिरीवरून. त्यामुळे काका टँकरवाल्याला गाठून विहिरीचा पत्ता विचारायचे आणि लिहून ठेवायचे. अर्ध्या जिल्ह्याचं पाणी त्यांनी असं ठिपक्यांवरून ओळखलं होतं. नवीन माणूस भेटला की लोक गाव विचारतात, काका गाव विचारून लगेच म्हणायचे, “तुमचं पाणी कसं हाय?” माणसं गोंधळून जायची. कोणी म्हणे गोड, कोणी म्हणे मचूळ. मी बीबीच्या पुढच्या एका खेड्यातली. आमच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे, असं मी म्हटलं, तर त्यांनी ‘ऐकीव’ असा शेरा मारून ते लिहिलं. मला त्या ‘ऐकीव’चा राग आला होता.

हे सगळं मी सुट्टीत घरी सांगितलं. बाबा खूप हसले. बाबा गवंडीकाम करायचे. माझी नोकरीची जागा बघायला ते एकदाच डोणगावला आले, माघ महिन्यात. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात त्याच आठवड्यात घेतलेल्या चपला, आणि हातात पाच लिटरचा डबा. घरच्या विहिरीचं पाणी. दोन एसट्या बदलून त्यांनी तो डबा मांडीवर आणला होता. तो काकांच्या हातात देत म्हणाले, “घ्या. पोरीनं सांगितलं, तुम्हांला पाण्याचा नाद हाय. आता ऐकीव नको.”

काकांनी तो डबा उजेडात धरला, हलवून पाहिला, आणि एखाद्या पाहुण्याला आत न्यावं तसा न्हाणीत नेऊन ठेवला. मग कॅमेरा आणला. बाबांना बाहेरच्या पायरीवर बसवलं. बाबांचा म्हणण्यासारखा एकही फोटो नव्हता. मतदार कार्डावर होता, पण त्यात बाबा कोणते आणि डाग कोणता हे सांगावं लागायचं. मी शाळेला उशीर होतो म्हणून फोटो काढायच्या वेळी थांबले नाही. संध्याकाळी बाबा परत गेले.

दोन दिवसांनी, दुपारी, मी अर्ध्या दिवसाच्या शाळेतून घरी आले. घामाघूम झालेली, वीज गेलेली. न्हाणीच्या दारावर एक लाल दिवा होता. तो लागलेला असला की आत जायचं नाही. शिवाय दिवा असो नसो, दार तीनदा ठोकल्याशिवाय उघडायचं नाही, हा घरचा कायदा. मला दिवा दिसला नाही आणि कायदा आठवला नाही. मी दार सताड उघडलं. आत मिट्ट काळोखात काका स्टुलावर बसलेले, हातात काहीतरी घेऊन तोंडानं आकडे मोजत होते. बाहेरचं सगळं ऊन त्यांच्या अंगावर पडलं. ते एवढंच म्हणाले, “दार लावा.”

तासाभरानं न्हाणीतल्या दोरीवर तो रोल वाळत घातलेला दिसला. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ, काचेसारखा, त्यावर माणूस नाही की सावली नाही. उन्हानं कापडाचा रंग उडतो तसे त्यावरचे फोटो उडाले, हे मला बघताच कळलं. निदान मला तसं वाटलं. संध्याकाळी मी बळ करून विचारलं, बाबांचा फोटो? काका म्हणाले, “नाही आला,” आणि आत गेले. त्यानंतर दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. तो राग माझ्यावरच आहे, हे मी धरून चालले. त्याच रोलवर एका बारशाचेही फोटो होते. काकांनी त्या घरी जाऊन पाळणा पुन्हा सजवायला लावला आणि ते नव्यानं काढून दिले. बाळ तिथंच होतं. मला मात्र ते पुढे महिनाभर अधूनमधून विचारत, वडील आता कधी येणार? मला वाटे, माणूस भला आहे, विषय बदलतो आहे.

बाबा चार महिन्यांनी गेले. झोपेतच गेले, त्यांना त्रास झाला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तसबिरींच्या शेजारी त्यांचा फोटो ठेवायला हवा होता. भावानं मतदार कार्डावरचा मोठा करून आणला आणि मग आम्हीच तो पालथा घालून ठेवला. तिथं नुसता हार ठेवला. आलेला प्रत्येक जण त्या रिकाम्या जागेकडे पाहत होता, आणि ती जागा मी केली आहे हे फक्त मला माहीत होतं. मी ते भावाला सांगितलं नाही. पुढे नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं मी कोणतंही दार तीनदा ठोकल्याशिवाय उघडलेलं नाही, स्वतःच्या स्वयंपाकघराचंसुद्धा. मुलं चेष्टा करतात, आई फ्रिजही ठोकून उघडते.

आणि त्या दिवसापासून मी ती अंधाराची वही चाळायची सोडली. ती टेबलावर उघडी असायची, मी मान फिरवून पुढे जायचे. शेवटच्या रकान्यात माझं नाव काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असणार, आणि ते वाचण्याइतकं काळीज मला नव्हतं. वर्षभरानं लग्न झालं आणि मी ते घर सोडलं. दिवाळीला फोन करायचे, तेवढाच संबंध.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. काकांची नजर काचबिंदूनं पूर्ण गेली होती, आणि त्यांची मुलगी दोघांना अकोल्याला नेणार होती. वह्यांचं कपाट तिच्या फ्लॅटमध्ये मावत नव्हतं. “रद्दीवाला येऊन पाहून गेला मॅडम. हे काही बोलत नाहीत, अन् आता लिहिताही येत नाही. तुमी एकदा या,” काकू म्हणाल्या. मी आता मेहकरला असते, डोणगाव काही लांब नाही. पण मी चार दिवस काढले आणि मग गेले.

काका बाजेवर बसले होते. पेन्सिल कानावर तशीच होती. त्यांनी माझा आवाज ओळखला आणि म्हणाले, कोणतंही पान वाचून दाखवा. मी कपाटातून मुद्दामच लांबची एक उजेडाची वही काढली आणि कोणाच्या तरी लग्नाची दोन पानं वाचली. काका मान डोलवत होते, मधेच ‘कुत्रं भुंकत होतं’ हे माझ्या आधी म्हणत होते. मग ते म्हणाले, “आता तो तुमच्या वडलाच्या पाण्याचा रोल वाचा.”

मी हातातली वही मिटली. चुकवायला काही निमित्तही सुचेना. काकूंनीच ती वही शोधून माझ्या मांडीवर ठेवली. मी पान काढलं आणि वर्गात धडा वाचावा तसं, कुठेही न थांबता वाचायला लागले, म्हणजे लवकर संपेल.

‘पाणी: मॅडमच्या वडिलांनी आणलेलं, विहिरीचं. वीज नाही. बाहेरचा दिवा बंद. बारा वाजून दहा मिनिटांनी मॅडमनी दार उघडलं. रोल उजेड न शिरणाऱ्या झाकणाच्या डब्यात होता. नुकसान नाही. रोल कोरा निघाला. रोलचं टोक कॅमेऱ्याच्या फिरकीत अडकलंच नव्हतं. छत्तीसच्या रोलवर अडतीस फोटो काढले, रोल जागचा हलला नाही. आकडा अडतिसावर गेला तेव्हाच शंका आली होती. तरी धुतला. ठिपका एकही नाही. पाणी उत्तम. चूक कोणाची: माझी.’

शेवटचा शब्द मी दोनदा वाचला. मग म्हटलं, पण काका, मी पाहिला होता तो रोल. दोरीवर. उजेड लागून पांढरा पडला होता.

“उजेड लागला की रोल काळा होते मॅडम,” काका म्हणाले. “निगेटिव्हचं सारं उलटं राह्यते. कोरा निघाला म्हणजे त्याले उजेड लागलाच नाही. ना तुमच्या दाराचा, ना माह्या कॅमेऱ्याचा.”

सव्वीस वर्षं मी पोरांना मराठी शिकवली, शेजारच्या वर्गात विज्ञानाच्या बाई होत्या. कोणालाही एक प्रश्न विचारला असता तर दोन मिनिटांत सुटका झाली असती. पण विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं होतं. मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं, आणि खरं सांगायचं तर संतापही आला. मी जवळजवळ ओरडलेच, “मला सांगितलं का नाही?”

काका गोंधळले. धामणगावहून पेढे घेऊन आले होते तेव्हा जसे गोंधळले होते तसेच. “लिहून ठेवलं होतं ना,” ते म्हणाले. “वही त टेबलावरच राहे. तुमी रोज वाचत होत्या.”

काकूंनी कपाळाला हात लावला. त्या दोन दिवसांचं मागचं पान त्यांना पाठ होतं. त्यात ‘भूक नाही’ एवढंच होतं, म्हणून त्यांनी भाकरी टाकल्या नव्हत्या. का भूक नाही, ते पुढच्या पानात होतं.

मी डोळे पुसले. काका म्हणाले, उजेडाची वही काढा, त्याच रोलची, चौदावा फोटो. ती ओळ सापडली. तिच्या शेजारी लाल पेन्सिलीनं ‘पुन्हा घ्यायचा’ असं लिहिलेलं होतं. काम झालं की काका असा शेरा खोडायचे. हा खोडलेला नव्हता.

‘मॅडमचे वडील. पायरीवर. भिंग एफ आठ. ऊन डावीकडून. अंतर नऊ फूट. आधी सात होतं. चपला काढू का विचारलं, नको म्हटलं. चपला नव्या आहेत, फोटोत याव्यात म्हणून दोन फूट मागे गेलो. हात कुठे ठेवू विचारलं, गुडघ्यावर म्हटलं. बोटांना सिमेंट. पोरगी मास्तरीण झाली, असं मला नाही, कॅमेऱ्याला सांगितलं. हसले. डोळे उघडे.’

ही ओळ मी मोठ्यानं वाचली, मग मनात वाचली. बाबा मला दिसले. मतदार कार्डावर कधी दिसले नव्हते तसे, डाव्या बाजूच्या उन्हात, नऊ फुटांवर, चपलांसकट. दुसऱ्याच्या पायरीवर चपला काढू का, असं विचारणारे माझे बाबा आणि त्या चपलांसाठी मागे सरकणारा हा माणूस. सगळे फोटो आले असते तरी यातलं अर्धं आलं नसतं. वह्या मी मेहकरला नेते, सगळ्या, असं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, टेम्पो लागेल. लागू दे, म्हटलं.

चेहरा धुवावा म्हणून मी उठले. न्हाणीचं दार तेच, वर त्या लाल दिव्याचं रिकामं होल्डर. सवयीनं माझी मूठ वर गेली, आणि मग मी ती खाली घेतली. कडी काढली आणि दार ढकललं. जुन्या बिजागऱ्या करकरल्या. आत एक बादली होती, तांब्या होता, खिडकीतून ऊन येत होतं.

“दार उघडलं का?” बाजेवरून काकांनी विचारलं.

“हो काका.”

“किती वाजले?”

मी घड्याळ पाहिलं. “साडेअकरा.”

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून आवाजाच्या दिशेनं पुढे धरली. “लिहून ठेवा मॅडम,” ते म्हणाले. “दार उघडलं. नुकसान नाही.”